विलायती नावाची मोटारसायकल : घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर

२०२३ सालानंतर आपल्या जिल्ह्यातील रस्त्यांवर विलायती नावाच्या मोटारसायकली नजरेस पडू लागल्या. सावेडी-भिंगारच्या रस्त्यांवर तर त्या दिसतातच, पण संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगावच्या बागायती पट्ट्यातही दिसतात. पूर्वी अशा गाडीचे नाव काढले की लोक मुंबई-पुण्याच्या शौकिनांकडे बोट दाखवीत. आता दोन-अडीच लाखांत ती मिळू लागल्याने नोकरदार, दुकानदार आणि दुधाचा धंदा करणारे तरुणही तिचा विचार करतात. या गाड्यांबद्दल आमच्याकडे दोन प्रकारचे बांधव विचारणा करतात. एक, घेऊ इच्छिणारे. दुसरे, गॅरेज चालविणारे मिस्त्री. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची चूल दुचाकी दुरुस्तीवर पेटते, म्हणून या पानावर दोघांचाही विचार करू.

पहिला प्रश्न साधा आहे. ही गाडी विलायती म्हणजे नेमकी कोणाची? नाव, मालक आणि कारखाना या तीन गोष्टी वेगवेगळ्या असू शकतात, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

ट्रायम्फचे पाहा. इंग्लंडमधील मेरिडेनचा तिचा जुना कारखाना १९८३ साली बंद पडला. जॉन ब्लूर या बांधकाम व्यावसायिकाने नाव विकत घेतले आणि हिंक्ले येथे नव्याने उत्पादन सुरू केले. कंपनी आजही इंग्रजी मालकीची आहे. पण आपल्याकडे जी ४०० सी.सी.ची ट्रायम्फ विकली जाते ती बजाज ऑटोच्या चाकणच्या कारखान्यात तयार होते. दोन्ही कंपन्यांची भागीदारी २०१७ साली जाहीर झाली, २०२० च्या जानेवारीत पुण्यात तिच्यावर शिक्कामोर्तब झाले आणि जुलै २०२३ मध्ये 'स्पीड ४००' बाजारात आली. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून ट्रायम्फची भारतातील विक्री व सेवाही बजाजने हाती घेतली. म्हणजे गाडीवरचे नाव हिंक्लेचे असले तरी ती बनते नगरहून शिक्रापूरमार्गे सकाळी निघून दुपारी परत येता येईल अशा ठिकाणी. उलट ट्रायम्फच्या मोठ्या, आठ-दहा लाखांच्या पुढच्या गाड्यांचा संबंध थायलंडच्या कारखान्याशी आहे. दोघींच्या टाकीवर एकच नाव असते, सुट्ट्या भागांची वाट मात्र फार वेगळी.

बी.एस.ए.चे नाव महिंद्र समूहाच्या क्लासिक लेजेंड्सने २०१६ साली घेतले. तिची 'गोल्ड स्टार ६५०' भारतात १५ ऑगस्ट २०२४ रोजी आली, आणि ती बनते मध्य प्रदेशातील पिथमपूरला. रॉयल एन्फील्ड तर कधीच आपली झाली. १९५५ साली मद्रासला तिचा कारखाना निघाला आणि इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७० साली संपली. तरीही इंग्लंडची गाडी म्हणून बुलेटकडे पाहणारे आहेतच. हौसेला मोल नसते, पण हौसेपायी हिशोब चुकू नये.

राहिली नॉर्टन. या गाडीची कथा थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण ती थेट आपल्या नगरपर्यंत येते.

नगरमध्ये जुळणारी नॉर्टन

दुचाकीच्या धंद्यात नगरचे नाव जुने आहे. कायनेटिक इंजिनिअरिंगची लुना इथलीच. या कारखान्याने अनेक कुटुंबांना रोजगार दिला आणि अनेक मिस्त्रींना हाताला वळण दिले. १९८४ मध्ये होंडाशी हातमिळवणी झाली, १९९८ मध्ये होंडा बाहेर पडली, २००८ मध्ये दुचाकीचा धंदा महिंद्रकडे गेला. पुढे याच समूहाने 'मोटोरॉयाल' या नावाने परदेशी महागड्या गाड्या भारतात आणण्याचा व्यवसाय सुरू केला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या नॉर्टन कंपनीशी भागीदारी जाहीर झाली. भारत आणि आशियातील इतर देशांसाठी नॉर्टन गाड्या नगरच्या कारखान्यात तयार व्हायच्या, अशी ती योजना होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये 'कमांडो' आणि 'डॉमिनेटर' या दोन गाड्या भारतीय बाजारात मांडल्या गेल्या. किंमत २१ ते २४ लाखांच्या घरात. त्यांच्याबरोबर इटलीच्या आणि कोरियाच्या काही गाड्याही होत्या.

योजना कागदावर चांगली होती. कारखाना जुना, कामगार जाणते, पुणे जवळ. पण दुसऱ्या टोकाला, इंग्लंडमध्ये, मूळ कंपनीचे घरच पोकळ झाले होते. २९ जानेवारी २०२० रोजी नॉर्टन दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. सरकारचा कर थकलेला, गाडीसाठी आगाऊ पैसे भरलेले ग्राहक ताटकळत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या तामिळनाडूच्या टीव्हीएस मोटरने सुमारे १ कोटी ६० लाख पौंडांना नॉर्टनची मालमत्ता घेतली आणि पुढे सोलिहल येथे नवा कारखाना उभारला. साहजिकच नगरमध्ये नॉर्टन बनविण्याची योजना तिथेच थांबली.

यातून शिकण्यासारखा मुद्दा कायद्याचा आहे. टीव्हीएसने जुनी कंपनी तिच्या देण्यांसकट घेतली नव्हती. नाव, आराखडे, यंत्रसामग्री अशी मालमत्ता घेतली होती. असा व्यवहार झाला की जुन्या कंपनीने दिलेली हमी आपोआप नव्या मालकाच्या गळ्यात पडत नाही. तो ती सद्भावनेने पाळू शकतो, पण जबरदस्ती करता येईलच असे नाही. पुढे नव्या मालकांनी जुन्या कारखान्यातील 'व्ही ४' या अतिमहाग गाड्यांची तपासणी केली तेव्हा त्यांत ३५ दोष आढळले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये मालकांना गाडी चालवू नका असा इशारा द्यावा लागला. घराच्या किमतीएवढी गाडी दारात उभी आणि किल्ली खिशात ठेवायची! नव्या मालकांनी हे दोष झाकले नाहीत, स्वतः जाहीर केले, ही गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने नोंदविली पाहिजे.

याच्या शेजारी लुना ठेवून पाहा. तिचे उत्पादन थांबल्यानंतरही वर्षानुवर्षे तिचे सुट्टे भाग मिळत राहिले, कारण गाड्या लाखोंनी विकल्या गेल्या होत्या आणि लहान कारखानदारांना ते भाग बनविणे परवडत होते. गाडीच्या पाठीशी कंपनी उभी असतेच, पण तिच्याइतकाच बाजारही उभा असतो. ज्या गाडीची विक्री शेकड्यात आहे तिच्यासाठी कोणीही साचा पाडत नाही. म्हणून घेण्यापूर्वी विचारावे : ही गाडी रस्त्यावर किती आहेत? आपल्या जिल्ह्यात किती? विक्रेता आकडा सांगताना चाचरू लागला तर समजून घ्यावे.

जुना बदलौकिक आणि नवी यंत्रे

जुन्या मिस्त्रींना विलायती गाडी म्हटले की खाली तेलाचा डाग आणि रात्री मिणमिणणारा दिवा आठवतो. ते खोटे नव्हते. त्या काळची इंजिने उभी दुभंगलेली, सांधे तेल सोडणारे, विजेची कामे कच्ची. १९६९ साली होंडाची चार सिलिंडरची ७५० आली आणि बटणाने सुरू होणारी, तेल न गळणारी मोटारसायकल लोकांनी पाहिली, तेव्हा इंग्रजी धंद्याचा पाया हादरला. नगर ही लष्कराची वस्ती असल्याने इथल्या जुन्या गॅरेजमध्ये इंचाच्या मापाचे पाने जपून ठेवलेले असत.

आजच्या गाडीला ते पाने लागत नाहीत. मापे मिलिमीटरची, इंधन इंजेक्शनने, थंडाव्यासाठी पाणी, चाकांना ए.बी.एस. चाकणच्या ४०० सी.सी. ट्रायम्फला कंपनीने दोन वर्षांची, किलोमीटरची मर्यादा नसलेली हमी दिली आणि मोठ्या सर्व्हिसचे अंतर १६,००० किलोमीटर ठेवले. ते यंत्रावर विश्वास असल्याशिवाय ठेवत नाहीत. तथापि १६,००० किलोमीटर म्हणजे तोवर गाडीकडे पाहायचेच नाही, असा अर्थ काढू नये. सर्व्हिसची अट किलोमीटर किंवा कालावधी, जे आधी येईल ते, अशी असते. शिवाय नगरच्या रस्त्यांचा जाच पुस्तिकेत लिहिलेला नाही. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे धुळीतून रोज चाळीस किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आणि चेन लंडनच्या गाडीइतकी टिकणार नाही. रेडिएटरच्या जाळीत चिखल बसतो, त्यावर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. फिल्टर, चेन आणि जाळी महिन्याला पाहावी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पात्या वाकतात, म्हणून साधी नळी वापरावी.

पेट्रोलचेही तसेच. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातला बराचसा इथेनॉल आपल्याच जिल्ह्यासारख्या ऊस भागातील कारखान्यांतून जातो, ही वेगळी गंमत. १ एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबर व धातूचे भाग या मिश्रणाला टिकतील असे असणे अपेक्षित आहे. त्याआधीची आयात गाडी जुनी म्हणून स्वस्तात मिळत असेल, तर तिच्या पुस्तिकेत इथेनॉलचे प्रमाण किती चालते ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत. आणि गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत हे पेट्रोल साठवून ठेवू नये, ते ओलावा ओढते.

दोष नव्या, मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतही निघतात. रॉयल एन्फील्डने २०२१ च्या मे महिन्यात इग्निशन कॉइलच्या दोषासाठी २,३६,९६६ गाड्या परत बोलाविल्या, आणि त्याच डिसेंबरमध्ये ब्रेकच्या एका भागासाठी २६,३०० क्लासिक. पुष्कळांना वाटते की गाड्या परत बोलावणारी कंपनी वाईट. आमचे मत उलटे आहे. आपला चेसिस नंबर त्या यादीत आहे का हे मालकाने विचारले पाहिजे, आणि असेल तर फुकट होणारे ते काम लगेच करून घेतले पाहिजे. जुनी गाडी घेणाऱ्याने तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा, कारण पहिल्या मालकाने ते काम करून घेतले असेलच असे नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११० अ घातले गेले. १ एप्रिल २०२१ पासून, मालकांच्या तक्रारी ठराविक प्रमाणात आल्या तर सरकारही गाड्या परत घेण्याचा आदेश देऊ शकते.

हमीपत्र वाचण्याचा धडा

हमीपत्र हे गाडीबरोबर मिळणाऱ्या कागदांपैकी सर्वांत कमी वाचले जाणारे आणि सर्वांत महाग पडणारे कागद. समजा, जामखेडच्या एका तरुणाने नगरहून किंवा पुण्याहून गाडी घेतली. पहिली सर्व्हिस ठरलेल्या मुदतीत झाली नाही, कारण जाऊन येऊन दीडशे किलोमीटर आणि एक दिवसाचा खाडा. मग गावातच कोणाकडून वायर तोडून जादा दिवे बसविले. सहा महिन्यांनी गाडी वाटेत बंद पडू लागली. शोरूमवाला म्हणणार, सर्व्हिस चुकली आणि वायरिंगला बाहेरचा हात लागला, हमी लागू नाही. तरुण म्हणणार, दोष मुळातच होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असू शकते, पण कागद एकाच्याच बाजूने आहे.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी आपल्या गावापासून सर्व्हिस केंद्र किती दूर आहे, ते किलोमीटरमध्ये मोजावे. अकोल्याच्या माणसाला नगरपेक्षा नाशिक सोयीचे पडते, श्रीगोंद्याच्या माणसाला पुणे. एका केंद्राने विकलेली गाडी दुसऱ्या केंद्रात हमीखाली दुरुस्त होईल ना, हे लेखी घ्यावे. गाडी विकली तर उरलेली हमी नव्या मालकाला मिळते का, तेही. चेन, ब्रेक पॅड, क्लच प्लेट हे झिजणारे भाग सहसा हमीत नसतात. टायर आणि बॅटरीची हमी त्यांच्या त्यांच्या कंपनीकडे असते. वाढीव हमी विकत घेण्याचा आग्रह झाला, तर तिच्यात काय नाही ते आधी वाचावे.

तक्रार तोंडी करू नये. दर वेळी जॉबकार्डवर दोष आपल्या शब्दांत लिहून घ्यावा. 'चेक अँड ओके' एवढेच लिहिलेले कार्ड पुढे निरुपयोगी ठरते. गाडी किती दिवस केंद्रात उभी होती त्याच्या तारखा, भाग मागविल्याची नोंद आणि कंपनीला पाठविलेल्या पत्रांच्या प्रती एका फाईलमध्ये ठेवाव्यात. एकच दोष तीन-चार वेळा परत आला आणि प्रत्येक वेळेचा कागद हातात असला, तर बाजू भक्कम होते.

एवढे करूनही दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळ प्रकरणे तिथेच मिटतात. नाही मिटले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगाकडे जाता येते. शोरूम पुण्याचे आणि कंपनीचे कार्यालय चेन्नईचे असले तरी शेवगावचा ग्राहक नगरच्या आयोगात दाद मागू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये. ५० लाखांपर्यंतचे प्रकरण जिल्ह्यातच चालते. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. 'आज होईल, उद्या होईल' या आशेवर ती निघून जाऊ देऊ नये.

दोन बारकावे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. उत्पादनातच दोष होता हे सिद्ध करायला बहुधा तज्ज्ञाचा अहवाल लागतो. तेव्हा वाद सुरू झाल्यावर इंजिन बाहेर उघडू नये, नाहीतर पुरावाच नाहीसा होतो. दुसरे, परदेशी उत्पादकावर नोटीस बजावता येत नसेल किंवा तो भारतीय कायद्याच्या कक्षेत येत नसेल, तर काही परिस्थितीत विकणारा विक्रेताच जबाबदार धरला जातो. नॉर्टनसारखा प्रसंग आला तर हे कलम उपयोगी आहे. आयात गाडीचे पक्के बिल कोणाच्या नावाचे आहे ते पाहा असे आम्ही सांगतो, ते यामुळेच.

पैशाची बाजू

'स्पीड ४००' आली तेव्हा शोरूमची किंमत २ लाख ३३ हजार होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी.सी.वरील मोटारसायकलींवर जीएसटी ४० टक्के झाला आणि ३५० सी.सी.पर्यंत १८ टक्के. त्यामुळे किमतींची उलथापालथ झाली. आजचा भाव शोरूममध्येच विचारावा. आम्हाला सांगायचे आहे ते हप्त्याबद्दल. समजा, दोन लाख रुपये १० टक्के दराने तीन वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६,४५० रुपये आणि एकंदर व्याज ३२ हजारांच्या वर. व्याजाच्या देण्याघेण्यापासून दूर राहणाऱ्या बांधवांना हा मार्ग बंदच आहे. पण ज्यांना तो चालतो त्यांनीही हौसेच्या वस्तूवर बत्तीस हजार का द्यावेत, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. तेवढे महिने तीच रक्कम बाजूला टाकली तर गाडी रोखीने येते, शिवाय तोवर त्या मॉडेलचे गुणदोष दुसऱ्यांच्या खर्चाने कळलेले असतात. नवे मॉडेल पहिल्या वर्षी घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्याचे नऊ दिवस सरले की खरी गाडी दिसू लागते.

गॅरेजवाल्या बांधवांसाठी

सर्व्हिसचे अंतर १६,००० किलोमीटरवर गेले याचा अर्थ मिस्त्रीच्या हाताखालून तेलबदलाचे काम गेले. हमी असेपर्यंत इंजिनाला हात लावूही नये. 'हे काम शोरूमचे आहे, तिकडे जा' असे सांगणारा मिस्त्री त्या दिवसाचे दोनशे रुपये गमावतो, पण ग्राहक टिकवितो. टायर, पंक्चर, चेनची सफाई व ताण, ब्रेक पॅड, अपघातातील वाकलेले भाग ही कामे मात्र आजही आपलीच. हमी संपलेल्या गाड्याही आता येऊ लागल्या आहेत, कारण २०२३ मध्ये घेतलेल्या गाडीची दोन वर्षे २०२५ मध्ये भरली. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात. दोष वाचणारा स्कॅनर, नट किती ताकदीने आवळायचा ते दाखविणारा टॉर्क पाना आणि कंपनीच्या मापांचे पुस्तक. अंदाजाने आवळण्याची सवय ॲल्युमिनियमच्या इंजिनात चालत नाही, आटे निघतात. तेलही पुस्तिकेत लिहिले आहे तेच, दुकानात शिल्लक असेल ते नव्हे. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले, त्यात वाहन कंपन्यांचाही समावेश आहे. सुट्टे भाग आणि दुरुस्तीची माहिती तिथून शोधता येते.

जुन्या विलायती गाड्यांची खरेदी-विक्री हाही एक धंदा होऊ घातला आहे. त्यात पैसा आहे आणि फसवणूकही आहे. मीटर मागे फिरविणे, पडलेली गाडी रंगवून नवी म्हणून खपविणे हे प्रकार सांगायला नकोत. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलेपणा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग आपण सर्वांनी ऐकला आहे. आपल्या फिक्हमध्ये लपविलेला दोष निघाल्यास माल परत करण्याचा जो हक्क आहे त्याला खियारे-ऐब म्हणतात. दलालाने गाडी विकताना एक साधा कागद द्यावा : गाडी कधी पडली, कोणता भाग बदलला, परत बोलावणीचे काम झाले की नाही, शेवटची सर्व्हिस कुठे झाली. घेणाऱ्याने तो मागावा. त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात, आणि आर.सी. नावावर होईपर्यंत निम्मे पैसे हातात ठेवावेत.